मांडवामागची माणसे

माझी एक जुनी खोड आहे. जत्रेला गेलो की देवीचे दर्शन आणि तीर्थप्रसाद घेऊन मी सभामंडपात फार वेळ रमत नाही. देवळाच्या मागच्या अंगाला जातो. पुढे दीपस्तंभ उजळलेला असतो, खाजेवाल्यांची दुकाने मांडलेली असतात, पालखीची वाट पाहत बायामुले दाटीने बसलेली असतात. मागे मात्र निराळेच जग असते. अग्रशाळेच्या एखाद्या खोलीत दशावतारी मंडळींचे पेटारे उघडलेले असतात. भिंतीला टेकवलेल्या हातभर आरशात पाहून कोणी आपल्याच हाताने चेहऱ्यावर रंग चढवीत असतो, कोणी लुगड्याच्या निऱ्या चापून द्रौपदी होत असतो, आणि मुकुट बाजूला ठेवून बसलेला राजा बशीतला चहा फुंकून पीत असतो. रात्री कोणते आख्यान लावायचे हे तेथेच चार वाक्यांत ठरते. लिहिलेली संहिता नसते. पायपेटीवर सूर धरला जातो, मृदंगावर थाप पडते, झांज वाजते, आणि पहाटे दहिकाल्याची हंडी फुटेपर्यंत पुरेल एवढे भाषण ही माणसे केवळ पाठांतर व बुद्धी यांच्या बळावर उभे करतात. पार्सेकर, आजगावकर, वालावलकर, मोचेमाडकर ही मंडळांची नावे आमच्या पेडणे महालात आणि पलीकडे सावंतवाडी-वेंगुर्ल्यात पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या नावांसारखी घेतली जात आली आहेत. त्यांतील पार्सेकर हे नाव तर आमच्या पार्से गावाचीच आठवण देते.

मागच्या अंगाला आणखीही माणसे असतात. दिवटी धरणारा असतो, सनईवाला असतो, तरंगांची वस्त्रे परीटघडी करून आणणारा असतो, केळीची पाने मोजून ठेवणाऱ्या दोघी-तिघी असतात. ह्यांना कोणी निमंत्रण धाडलेले नसते. दिवस आला की ती येतात. आमची भाषासुद्धा ह्या बाबतीत मोठी मौजेची आहे. जत्रा ‘भरते’, महोत्सव ‘भरवितात’. ओढ्याला पाणी यावे तशी जत्रा आपोआप भरते, असे आपण सहज बोलून जातो. पाणीही आपोआप येत नाही, कोठेतरी पाऊस पडावा लागतो. परंतु क्रियापदाने एकदा कर्ता गिळला की त्याची चौकशी कोणी करीत नाही.

ही चौकशी माझ्या मनात बळावली ती धारगळच्या प्रकरणाने. वाचकांना ते आठवत असेलच. २००७ साली कांदोळीच्या किनाऱ्यावर सुरू झालेला ‘सनबर्न’ नावाचा इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव मध्यंतरी काही वर्षे पुण्याला जाऊन पुन्हा गोव्यात आला. २०२४ साली तो दक्षिण गोव्यात होणार अशी बोलणी चालली, तेथे विरोध झाला, आणि अखेर डिसेंबरच्या २८ पासून ३० पर्यंत तो आमच्या धारगळला झाला. पंचायतीत एकमत नव्हते, गावात तर नव्हतेच. वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. पहिल्याच दिवशी दिल्लीहून आलेला एक तरुण तेथे कोसळला आणि मरण पावला. कोणाच्या तरी घरी नवे वर्ष त्या बातमीने उगवले. पुढच्या वर्षी, २०२५ साली, महोत्सव मुंबईला गेला.

धारगळच का, असे पुष्कळांनी विचारले. त्याचे लौकिक उत्तर सोपे आहे. राष्ट्रीय महामार्ग गावातून जातो. मोपाचा विमानतळ जवळ आहे व तो २०२३ च्या जानेवारीपासून चालू झाला आहे. २०२२ च्या डिसेंबरात आयुर्वेदाची अखिल भारतीय संस्थाही येथे आली. ज्या गावी रस्ता जातो तेथे सर्व काही जाते. परंतु गावकऱ्यांच्या मनात दुसरीच गोष्ट सलत होती. कोलवाळचा पूल ओलांडला की पेडणे महाल लागतो. सोळाव्या शतकात बारदेशातील देवळे पाडली गेली तेव्हा तेथील भाविकांनी कित्येक देवता ही नदी ओलांडून अलीकडे आणल्या. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ही भूमी पोर्तुगीजांच्या हाती गेली नव्हती. देवांना येथे आसरा मिळाला. ज्या वाटेने आपल्या पूर्वजांनी देव डोक्यावर घेऊन आणले, त्याच वाटेने आता हे यावे, हे पुष्कळांना बोचले. मला ती बोच कळते. तिची थट्टा करणाऱ्यांना आमचा इतिहास ठाऊक नाही, एवढेच मी म्हणेन.

तथापि, माझ्या नात्यातील एका मुलाने मला निरुत्तर केले. विशीतला, कामसू पोरगा. दरवर्षी जत्रेत पालखीला खांदा देतो, मांडवाचे वासे उचलतो. त्या तीन दिवसांत तो रस्त्यावर गाड्या वळविण्याच्या कामाला होता. मी जरा कडक शब्दांतच विचारले. तो शांतपणे म्हणाला, “काका, हांव थंय तीन दीस वावुरलों, तांणी म्हजें नांव बरोवन घेतलें आनी पागार दिलो. जात्रेंत इतलीं वर्सां वावुरतां, तें देवीखातीर. पूण म्हजें नांव कोणे विचारलें?”

उद्धटपणाने तो बोलला असता तर बरे झाले असते. मला रागावता आले असते.

विलायती संगीत म्हणजे धिंगाणा, असे ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पूर्वी मीही तसेच ठरविले असते. परंतु इंग्लंडात राहणाऱ्या माझ्या भाच्याने एकदा नॉरफोकच्या किनाऱ्यावरील हेम्सबी गावच्या मेळ्याची हकीकत मला सविस्तर लिहून कळविली होती, ती ह्या वेळी मी पुन्हा काढून वाचली. हा मेळा रॉकाबिली नावाच्या संगीताचा. शब्दच मोठा बोलका आहे. ‘रॉक’ आणि ‘हिलबिली’ यांची ती जोड; आणि हिलबिली म्हणजे डोंगरातला गावंढळ. शहरी लोकांनी हिणवण्यासाठी वापरलेले ते नाव. १९५४ च्या जुलैत अमेरिकेतील मेंफिस शहरी, सॅम फिलिप्स नावाच्या गृहस्थाच्या लहानशा ध्वनिमुद्रणगृहात, मालमोटार हाकून पोट भरणारा एक एकोणीस वर्षांचा मुलगा गायला. त्याचे नाव एल्विस प्रेस्ली. गोऱ्या डोंगरी लोकांची गाणी आणि काळ्या लोकांचे ब्लूज या दोहोंचे त्याच्या गळ्यात मिश्रण झाले. साथीला दोन गिटारी व एक उभे, पुरुषभर उंचीचे तंतुवाद्य. त्याच्या तारा ओढून लाकडावर आपटायच्या, म्हणजे ढोलाचे काम त्यातच भागे. तेथील धर्मोपदेशकांपैकी पुष्कळांनी ह्या संगीताला सैतानाचे संगीत म्हटले होते, हे येथे आपण ध्यानात ठेवावे. पाच-सहा वर्षांत लाट ओसरली, आणि त्या वेळचे कित्येक गायक आपल्याच देशात विस्मरणात गेले.

त्यांना पुन्हा हुडकून काढले ते बहुतांशी समुद्रापलीकडच्या रसिकांनी. हेम्सबीचा मेळा १९८८ साली सुरू झाला; अमेरिकेत लास व्हेगासला तसाच एक मेळा १९९८ पासून भरू लागला. माझा भाचा लिहितो की तेथे येणारे लोक त्या काळचे कपडे घालतात, त्या काळच्या मोटारी घासूनपुसून आणतात, नाचाची पावले वर्षभर शिकतात. आणि सत्तरी ओलांडलेला एखादा गायक व्यासपीठावर आला की त्याच्या दोन-चारच ध्वनिमुद्रिकांतील शब्द न् शब्द श्रोत्यांना पाठ असतो. तिकीट तेथेही असते. तेव्हा तिकिटाने जत्रा आणि बाजार यांतला भेद ठरत नाही. मला जो भेद दिसतो तो असा, की तेथे गाणारा आणि ऐकणारा एकमेकांना ओळखतात. पेटाऱ्याजवळ बसलेल्या आमच्या राजाला, “औंदा दुर्योधन तुझ्याकडे की काय?” असे विचारणारा म्हातारा मी ओळखतो, तसे म्हातारे त्या थंड समुद्राकाठीही आहेत असे दिसते. सनबर्नमध्ये तसे कोणी नसतील, असे मात्र मी म्हणू शकत नाही. तेथील तरुणांशी मी बोललोच नाही.

ह्या ओळखीची एक विलक्षण खूण आकाशात आहे. १९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने सोडली. त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी बसविली. तीत पृथ्वीवरील २७ संगीतरचना आहेत. त्यांतील एक चक बेरी यांचे ‘जॉनी बी. गुड’, म्हणजे रॉकाबिलीच्याच भावकीतले गाणे. आणि दुसरी आमच्या फोंडे महालातील केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची भैरवी. त्यांतील ‘व्हॉयेजर-१’ हे यान निघाले ५ सप्टेंबरला. केसरबाई निवर्तल्या त्याच महिन्याच्या १६ तारखेला. जे दोन सूर एका मांडवात आणायला आपण धजणार नाही, ते एकाच तबकडीवर शेजारी बसून सूर्यमालेच्या बाहेर निघाले आहेत.

केसरबाईंचे नाव निघाले की आपला ऊर भरून येतो. कला अकादमी त्यांच्या नावाने पणजीला संगीत समारोह भरविते, तेव्हा आपण पुढच्या रांगेत बसतो. परंतु त्या कोठून आल्या? देवळाच्या सेवेत असलेल्या कलावंत घराण्यांतून. पालखीपुढे, उत्सवाच्या रात्री चौकात, ज्यांच्या गाण्याने देव जागा होई असे आपण मानीत होतो, त्या घराण्यांतून. त्यांनी देवापुढे गायचे. त्यांची नावे मात्र महाजनांच्या वहीत नसायची. १९३३ साली पोर्तुगीज सरकारने देवस्थानांसाठी माझनींचा जो कायदा केला त्याने महाजनांच्या नोंदवह्या पक्क्या केल्या. वहीत असलेला आत राहिला, नसलेला सेवेकरी राहिला. ह्या घराण्यांतील कित्येक स्त्रिया मुंबईला गेल्या. केसरबाई उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांच्या कठोर तालमीखाली वर्षानुवर्षे राबल्या, आणि १९६९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्याच समाजाने स्वतःला गोमंतक मराठा समाज म्हणून संघटित केले, मुले शिकविली, मान मिळविला. आम्ही दिला म्हणून नव्हे. मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर त्याच समाजातले, आणि जन्माने आमच्या पेडण्याचे. कला अकादमीची स्थापना झाली ती त्यांच्याच कारकिर्दीत, १९७० साली.

तेव्हा त्या पोराचा प्रश्न नवा नाही. आपण सूर ठेवून घेतला आणि नाव विसरलो, हे आपल्याकडे पूर्वीही घडले आहे. आणि ज्यांना नाव दिले नाही ती माणसे दुसरीकडे गेली, हेही घडले आहे. धारगळच्या मांडवाला विरोध करताना आपल्या मांडवाखाली कोण उभे आहे हे पाहण्याची बुद्धी मला झाली, ती उशिराच म्हणायची.

आमच्या देवळाच्या समितीची बैठक गेल्या महिन्यात झाली. जत्रेचे जाहीरपत्रक छापायचे होते. दरवर्षी त्यात कार्यक्रम, यजमान आणि समितीच्या पदाधिकाऱ्यांची नावे असतात. मी सुचविले की ह्या वेळी जत्रेला हातभार लावणाऱ्या प्रत्येकाचे नाव त्यात घालावे. सनईवाल्यापासून पाने मोजणाऱ्या बायांपर्यंत. एक वयोवृद्ध सदस्य, ज्यांच्याविषयी मला आदर आहे, म्हणाले, “अहो, देवकार्यात नाव कसले? ती सेवा आहे. नाव आले की सेवेचा व्यवहार होतो.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हे. पैशाची अपेक्षा न करता केलेल्या कामाची जी गोडी आहे ती पगाराच्या कामाला येत नाही, हे पालखीला खांदा दिलेला कोणीही सांगेल. आम्ही बसलो होतो त्याच सभामंडपाच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावे संगमरवरात रकमेसह कोरलेली आहेत. मी तिकडे बोट दाखविले नाही. सर्वांना ती दिसत होती. दुसऱ्या एकाने शंका काढली की यादीत क्रम कोणता लावायचा. मानापानाचा तंटा तेथून सुरू होईल अशी त्यांना धास्ती. तीही खोटी नव्हे. अर्धा तास चर्चा होऊन असे ठरले की नावे घालावीत, क्रम अकारविल्हे असावा, आणि यंदा प्रयोग म्हणून करून पाहावे. दोघांनी संमती दिली नाही. तसे इतिवृत्तात नमूद आहे.

यादी करण्याचे काम मी त्या मुलावरच सोपविले. तो आठ दिवस वाड्यावाड्यांतून हिंडला. पहिल्या खेपेला त्याने एकतीस नावे आणली. मला पंधरा-वीस होतील असे वाटले होते. एका घरी त्याला चहा मिळाला, एका घरी, “आतां याद आयली?” असे ऐकावे लागले. सर्वांत अडले ते दिवटी धरणाऱ्या म्हाताऱ्यापाशी. चाळीस वर्षे तो पालखीपुढे चालतो; सारा गाव त्याला एकाच टोपणनावाने हाक मारतो. खरे नाव शेजाऱ्यांना ठाऊक नव्हते, समितीच्या वहीत नव्हते, आणि तो स्वतःही, “कित्याक जाय तें?” म्हणून हसून टाळू लागला. शेवटी त्याच्या सुनेने पेटीतून रेशनकार्ड काढले, आणि मुलाने ते नाव अक्षर न् अक्षर पडताळून उतरून घेतले.