अबोला

आमच्या घराला अबोला नवा नाही. पण गाडीनेही तो धरावा?

स्वारगेटहून कात्रजपर्यंत आलो, तरी स्पीडचा काटा शून्यावरच. म्हणजे गाडीच्या मते मी अजून स्वारगेटलाच होतो. समोर पिवळे दिवे मात्र दिवाळीसारखे लागलेले. वर्कशॉपातल्या टायवाल्या मुलाने निदान केले, "काका, एबीएसचं मॉड्यूल गेलं. 40,000." माझी पहिली गाडी याहून स्वस्त होती, आणि तिला चाकेही होती!

म्हणून गल्लीतल्या वायरिंगवाल्याकडे गेलो. त्याने स्कॅनर लावला. इंजिन म्हणे, एबीएस बोलत नाही. स्टिअरिंग म्हणे, एबीएस बोलत नाही.

"सगळे एकाचंच नाव घेतात म्हणून तोच दोषी असं नसतं, साहेब. त्याच्यापर्यंत निरोप जातोय का, ते आधी बघायचं."

हे वाक्य मी घरी ऐकवणार होतो; पण बोलणे बंद होते.

हल्ली गाडीत प्रत्येक खात्याला वेगळा मेंदू असतो, आणि सगळे मेंदू पिळलेल्या दोन तारांवर बोलतात. 'कॅन' नावाची ही सोय बॉश कंपनीने 1986 साली डेट्रॉइटला जगापुढे मांडली. दोघे एकदम बोलू लागले, तर ज्याचा निरोप महत्त्वाचा तो बोलतो, दुसरा गप्प बसतो. (आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे अजून जमलेले नाही.) तारांच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रोध.

त्याने बॅटरी सोडवली आणि स्टिअरिंगखालच्या सॉकेटात 6 आणि 14 नंबरच्या पिनांना मीटर लावला. "60 पाहिजे, 120 दाखवतोय. एक टोक तुटलंय." मग एबीएसचा कनेक्टर काढून थेट पेटीवर मोजले. तिथेही 120. "पेटीतला रोध शाबूत आहे. तारच गेली."

तार सापडली. उंदराने कुरतडलेली. शेजारी भुईमुगाची टरफले.

आता सांगणे भाग आहे. बारा दिवसांचा आमचा अबोला या शेंगांवरूनच होता. मी अर्धा किलो शेंगा गाडीत विसरलो, असे हिचे म्हणणे. भाजीवाल्याने दिल्याच नाहीत, असे माझे. डिकीत पाहिले. पिशवी होती, रिकामी.

त्याने तार जोडली, पीळ पूर्ववत घातला, मीटरवर 60 आले. 600 रुपये घेतले. टरफले मी स्वतःच्या हाताने गटारात टाकली.

घरी आल्यावर आमच्या मधल्या तारेला, म्हणजे चिरंजीवांना, म्हटले, "आईला सांग, गाडी बोलायला लागली."

स्वयंपाकघरातून थेट प्रश्न आला, "काय झालं होतं?"

"उंदराने वायर खाल्ली."

"आणि वायरीच्या आधी काय खाल्लं?"