गोलरक्षक : जाळ्यासमोरच्या एकाकी जागेचा इतिहास

१/ भीमेकाठचे दौंड म्हणजे रेल्वेचे जंक्शन आणि घोड नदीकाठचे शिरूर म्हणजे १९व्या शतकातील घोडदळाची छावणी. पुणे जिल्ह्यातील या दोन गावांकडे पाहिले, की हिंदुस्थानात हॉकी कोणत्या वाटांनी पसरली ते सहज उमगते. एक वाट रुळांची, दुसरी पलटणींची. भारतीय हॉकीचे दोन थोर गोलरक्षक याच वाटांवर घडले. हा धागा त्यांचा आणि त्यांनी राखलेल्या जागेचा. ती जागा कशी पालटत गेली, ते क्रमाने पाहू.

२/ हॉकीचा गोल १२ फूट रुंद आणि ७ फूट उंच. चेंडू दगडासारखा कठीण, वजन सुमारे १६० ग्रॅम. मैदानावरील दहा जणांची चूक सावरायला मागे कोणीतरी असते. अकराव्याच्या मागे फक्त जाळे असते. त्यामुळे लोकांची स्मृतीही त्याच्या बाबतीत कठोर असते. अडवलेले चेंडू कोणी मोजत नाही, सुटलेला एक मात्र वर्षानुवर्षे सांगितला जातो.

३/ रिचर्ड ॲलन यांचा जन्म १९०२ साली नागपूरचा. शिक्षण मसुरीजवळच्या ओक ग्रोव्ह या रेल्वेच्या शाळेत. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले आणि एकही होऊ दिला नाही. पुढे १९३२ व १९३६ धरून ॲलन यांच्या नावावर तीन सुवर्णपदके जमा झाली. या तिन्ही स्पर्धांत मिळून त्यांच्यावर झालेले गोल फक्त दोन.

४/ आणि तरीही आठवण राहिली ती त्यांतल्याच एका गोलाची! १९३२ साली लॉस एंजेलिस येथे भारताने अमेरिकेला २४-१ असे हरवले. तो एक गोल झाला तेव्हा ॲलन गोलपोस्टमागे चाहत्यांना स्वाक्षऱ्या देत होते, असे सांगतात. गोलरक्षकाच्या वाट्याला येणारी कीर्ती कशी असते, याचा हा उत्तम नमुना.

५/ दुसरी वाट पलटणीची. महू छावणीत १९३३ साली जन्मलेले शंकर लक्ष्मण १९४७ मध्ये बँडपथकातून सैन्यात शिरले आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीचे झाले. १९५६, १९६० आणि १९६४ अशा सलग तीन ऑलिम्पिक अंतिम सामन्यांत ते गोलात उभे होते. तिन्ही वेळा समोर पाकिस्तान. निकाल अनुक्रमे १-०, ०-१ आणि १-०. तीन अंतिम सामने, झालेला गोल एक!

६/ १९६४ चा टोकियोतील अंतिम सामना त्यांच्या खेळाचे शिखर मानला जातो. मोहिंदर लाल यांच्या गोलाने मिळालेली आघाडी टिकवायची होती आणि पाकिस्तानचे हल्ले थांबत नव्हते. डोक्यावर हेल्मेट नाही, चेहऱ्यावर जाळी नाही. पायांना साधे पॅड, हातात काठी आणि अढळ नजर. दोन वर्षांनी बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत हेच गोलरक्षक भारताचे कर्णधार होते. भारताने सुवर्ण जिंकले. शेवटचा भिडू पहिल्या मानाचा ठरला, हा त्या जागेच्या इतिहासातील मोठा पालट होय.

७/ याच काळात सातासमुद्रापार, बर्फावरील हॉकीत, वेगळेच नाट्य घडत होते. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्क येथे मॉन्ट्रियलचे गोलरक्षक जाक प्लांट यांच्या तोंडावर रबरी चकती आदळली. जखम शिवून झाल्यावर त्यांनी अट घातली : मुखवटा घालू द्याल तरच खेळेन. प्रशिक्षकांना ते रुचले नव्हते. मुखवटा म्हणजे भित्रेपणा, अशीच त्या काळची समजूत होती. त्यानंतर तो संघ सलग १८ सामने अपराजित राहिला. १९७४ नंतर त्या लीगमध्ये उघड्या चेहऱ्याचा गोलरक्षक उरला नाही.

८/ येथेच या जागेचे मर्म दडले आहे. भीती मान्य केली, की शरीर मोकळे होते. शरीर मोकळे झाले, की तंत्र बदलते. आपल्या हॉकीत हा बदल काहीसा उशिरा आला. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली. चेंडूचा वेग वाढला. पुढे हेल्मेट आले आणि जुन्या पॅडची जागा जाड फोमने घेतली. जुन्या पॅडवर चेंडू थबकायचा. मग तो लाथेने दूर सारायचा. फोमवरून तो स्वतःच उसळून दूर जाऊ लागला. दोन क्रियांची एक झाली.

९/ पेनल्टी कॉर्नरचेही तसेच. पहिला फटका मारून घेतला, तर चेंडू १८ इंची फळीहून उंच जाता कामा नये, असा नियम. म्हणून अंगभर कवच मिळताच गोलरक्षक गोलापुढे आडवे पडू लागले. जणू माणसाचाच बांध! मग ड्रॅग फ्लिक आला. चेंडू काठीवरून ओढत भिरकावला, तर त्याला उंचीचे बंधन नाही. पाकिस्तानच्या सोहेल अब्बाससारख्यांनी वरचे कोपरे भेदले आणि आडवा पडलेला गोलरक्षक पुन्हा उभा राहिला.

१०/ १९६६ नंतर आशियाई सुवर्णासाठी भारताला ३२ वर्षे थांबावे लागले. १९९८ साली पुन्हा बँकॉकच. कर्णधार होते पुण्याजवळच्या खडकीचे धनराज पिल्ले. कोरियाविरुद्धचा अंतिम सामना पेनल्टी स्ट्रोकवर गेला आणि आशिष बल्लाळ यांनी दोन फटके अडवून तो जिंकून दिला. घरी परतल्यावर मात्र संघातून वगळलेल्यांच्या यादीत धनराज आणि बल्लाळ या दोघांचीही नावे होती.

११/ शंकर लक्ष्मण यांनाही १९६८ च्या ऑलिम्पिक संघात स्थान मिळाले नाही आणि त्यांनी खेळ सोडला. सैन्यातून कॅप्टन म्हणून निवृत्त झालेले हे पद्मश्री २००६ साली महू येथे वारले. पायाला गँगरीन झाले होते आणि हाताशी पैसा नव्हता. देशाचा गोल ज्या पायांनी राखला, त्या पायांना राखायला देश वेळेवर पोहोचला नाही.

१२/ २०२४ मध्ये पॅरिसच्या कांस्यपदकानंतर पी. आर. श्रीजेश निवृत्त झाले, तेव्हा हॉकी इंडियाने वरिष्ठ संघातील त्यांची १६ क्रमांकाची जर्सीही निवृत्त केली. या जागेला मिळालेला हा मान योग्यच आहे. पण तो मान देताना, ज्यांच्या काळी हेल्मेट नव्हते त्यांचीही नावे उच्चारली जावीत. नागपूरचे ॲलन आणि महूचे शंकर लक्ष्मण या दोघांची नावे तरी प्रत्येक हॉकीप्रेमीला पाठ असायला हवीत.