खो कुणी दिला?

मिरजेची ओळख बाहेरगावच्या माणसाला तीन गोष्टींनी असते : तंबोरे, दवाखाने नि रेल्वेचे जंक्शन. चौथी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. पावसाची झड ओसरली, मैदानावरची काळी माती जरा आवळली, की शाळांतून खांब रोवले जातात आणि संध्याकाळी ‘खो! खो!’ असा गलका कानी येऊ लागतो. शालेय स्पर्धांचा हंगाम जवळ आल्याची ती दवंडीच!

गेल्या वर्षीचा अख्खा हंगाम मी नातीच्या संघामागे हिंडलो. माझी सारी नोकरी रेल्वेत, गाड्यांच्या वेळा टिपण्यात गेली. तेव्हा संघाचे घड्याळ नि वही आपसूकच माझ्याकडे आली. ह्या खेळाला असा माणूस लागतोच. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोला नियमांत बसवले, तेव्हापासून तो मिनिटा-सेकंदांचा खेळ झाला आहे. नऊ मिनिटांचा डाव. बसणाऱ्या संघाच्या आठ मुली मधल्या पट्ट्यावर एकीआड एक उलट्या तोंडांनी बसायच्या, नववीने पाठलाग करायचा. पळणाऱ्यांनी तिघी-तिघींच्या तुकडीने आत यायचे. कोण किती वेळ पळाली आणि कुणी किती गडी मारले, हे गुणपत्रकात लिहिले जाते.

आमची कर्णधार दहावीतली. पहिल्याच सामन्यात ती सव्वातीन मिनिटे पळाली आणि बाहेर येऊन जणू भाजी आणायला गेली होती अशा थाटात पाणी प्यायली. खांबाजवळ बसे ती आठवीतली चिमुरडी. सूर मारण्यात इतकी पटाईत, की तिच्या हनुवटीवरचे खरचटणे हंगामभर वाळलेच नाही. एका सामन्यात तिने एकटीने चार गडी टिपले. एक डावखुरी होती, तिची हूल अशी की समोरची मुलगी उजवीकडे वळायची आणि ही डावीकडून पसार! आणि चौथ्या जागेवर माझी नात, नववीतली. सहा सामन्यांत तिच्या नावावर गडी दोन.

हा आकडा माझ्या मुलाने पाहिला. “अण्णा,” तो म्हणाला, “रोज दोन तासांचा सराव आणि गडी दोन! पुढच्या वर्षी दहावी आहे तिची. हे थांबवायला नको का?”

त्याचा हिशेब खोटा नव्हता. बापाला पोरीच्या दहावीची काळजी वाटायचीच. मी नुसती वही पुढे केली. गुणपत्रकात नसलेला एक रकाना मी त्या वहीत आखला होता : गडी बाद होण्याआधीचा खो कुणी दिला?

वाचकहो, ह्या खेळाची सगळी गंमत त्या रकान्यात आहे. पाठलाग करणारीला मधला पट्टा ओलांडता येत नाही, धरलेली दिशा सोडून उलटे फिरता येत नाही. पळणारी पलीकडे गेली, की बसलेल्या सोबतिणीच्या पाठीमागून ‘खो’ म्हणायचे आणि स्वतः तिच्या जागी बसायचे. हात लावण्याचा मान तिचा. आपल्या वाट्याला गुडघ्याला लागलेली माती! संघाने सहा सामन्यांत मारलेल्या एकोणसाठ गड्यांपैकी सतरा गड्यांआधीचा खो माझ्या नातीचा होता.

विभागीय स्पर्धा कोल्हापुरात झाली. उपांत्य सामन्यात शेवटचे अर्धे मिनिट उरले आणि आम्ही एका गुणाने मागे. पाठलागावर माझी नात. पुढची मुलगी हातभर अंतरावर. सारे मैदान ओरडत होते, “सूर मार!” पण त्या मुलीचा खांदा आत झुकलेला तिने पाहिला असावा. ती थबकली, वाकली आणि डावखुरीला खो देऊन खाली बसली. पळणारी पट्ट्यातून पलीकडे निघाली ती थेट डावखुरीच्या हातात! बरोबरी झाली. मग अलाहिदा डावात आम्ही एका गुणाने हरलो. परतीच्या गाडीत जयसिंगपूर येईपर्यंत मुली रडत होत्या. त्यानंतर कुणीतरी शेंगदाण्याची पुडी सोडली.

माझ्या मुलाने तो रकाना दोनदा वाचला, काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्याने मला विचारले, “खेळाचे वाढीव गुण दहावीला कसे मिळतात हो?” मी हसू मिशीत दडवले. यंदा सराव एका तासावर आला आहे. पण चालू आहे.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियांका इंगळे ह्या महाराष्ट्राच्या मुलीच्या नेतृत्वाखाली भारताच्या महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले. आमच्या मुलींना तो आकडा तोंडपाठ आहे. तसे आकडे तोंडपाठ असावेतच.

ह्या दिवाळीत तुमच्या घरी कुणी बक्षीस, बढती किंवा पहिला नंबर घेऊन आले असेल, तर त्याची पाठ जरूर थोपटा. मग फराळाचे ताट पुढे सरकवून हळूच एवढे विचारा : बाळ, खो कुणी दिला?