अण्णांचे रकाने

भोसरीच्या आमच्या कारखान्यातली सर्व्हर रूम आणि क्लाउडमधली यंत्रं अशी दोन्हीकडची व्यवस्था आज मी एकत्र सांभाळते. हे काम मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही. ते शिकवलं अण्णांनी. कंपनीच्या कागदांवर त्यांचं पद बरंच लांबलचक होतं, पण शॉप फ्लोअरपासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना अण्णाच म्हणत. ते निवृत्त झाल्यावर एकेक प्रसंग येत गेला, आणि त्यांचं माझ्यावर किती ऋण आहे ते उमगत गेलं.

मी रुजू झाले त्या सुमारास त्यांनी एका चालू व्हीएमला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला, पिंग लावला आणि माझ्यासमोर ती एका होस्टवरून दुसऱ्या होस्टवर हलवली. पिंगची एखादीच ओळ अडखळली असेल. मग कागद घेऊन त्यांनी आतली हालचाल समजावली. यंत्राची मेमरी आधी पानापानानं पलीकडे जाते. यंत्र चालूच असल्यामुळे मधल्या काळात काही पानं बदलतात. ती पुन्हा पाठवायची. अगदी थोडी पानं उरली की यंत्र क्षणभर गोठवायचं, शेवटची पानं आणि प्रोसेसरची स्थिती पलीकडे न्यायची, आणि नेटवर्कच्या स्विचला कळवायचं की हा पत्ता आता या दारी आहे. डिस्क जागची हलत नाही, कारण ती दोन्ही होस्टना दिसणाऱ्या सामायिक स्टोरेजवर असते.

हे सांगून झाल्यावर ते आणखी मागे गेले. 1972 साली आयबीएमनं मेनफ्रेमवर व्हीएम/370 आणलं, म्हणजे एका यंत्रात अनेक यंत्रं नांदवण्याचा विचार आपल्या कंपनीपेक्षा जुना आहे, असं ते म्हणाले. स्टॅनफर्डच्या मेंडेल रोझेनब्लम यांच्या गटानं 1997 मध्ये 'डिस्को' या संशोधनातून तो पुन्हा पुढे आणला. पुढच्या वर्षी रोझेनब्लम, डायन ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीएमवेअर काढली, आणि चालू यंत्र हलवण्याची सोय 2003 मध्ये आली. "अगं, ज्यांच्या जिवावर आपण रात्री झोपतो त्यांची नावं तरी ठाऊक असावीत," असं अण्णांचं म्हणणं. ही सवय मला लागली ती लागलीच. माझ्या हाताखालच्या मुलांनाही मी ही नावं सांगते.

2015 मध्ये मायक्रोसॉफ्टनं भारतात क्लाउडची केंद्रं सुरू केली, त्यातलं एक पुण्यात. पुढच्या वर्षी अमेझॉननं मुंबईत. वरून विचारणा झाली की आता सर्व्हर रूम बंद करायची का. अण्णांनी लगेच होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्यांनी एक लांबोडकी हिशोबाची वही घेतली, उभे रकाने आखले आणि प्रत्येक व्हीएमला एक ओळ दिली. हिचं काम काय? ही कोणावर अवलंबून? हिच्यावर कोण अवलंबून? बंद पडली तर किती वेळ चालेल, आणि रात्री उठवायचं कोणाला? शेवटचा रकाना तारखेचा: ही माहिती खरी असल्याची खात्री केव्हा केली.

त्या वहीमुळे निर्णय आपोआप होत गेले. असेंब्ली लाइनवरच्या प्रत्येक भागाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर कारखान्यातच राहणार होतं, कारण बाहेरची लाइन तुटली म्हणून उत्पादन थांबवता येत नाही. लॉगिन तपासणारा एक सर्व्हरही त्याच कारणानं इथेच हवा. वितरकांचं पोर्टल, चाचणीची यंत्रं आणि बॅकअपची एक प्रत क्लाउडकडे जायला हरकत नव्हती.

पण जायचं म्हणजे चालू यंत्र उचलून पलीकडे ठेवायचं नव्हतं. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर क्लाउडच्या मुळाशी हायपर-व्ही, आमच्याकडे व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय. डिस्कची फाइल ठरावीक आकाराच्या व्हीएचडीत बदलावी लागते. पलीकडचे ड्रायव्हर आधीच आत घालावे लागतात, नाहीतर यंत्र तिकडे नीट उभंच राहत नाही. आणि खरी गुंतागुंत यंत्रायंत्रांतल्या नात्यांची. पोर्टल क्लाउडात गेलं आणि त्याचा डेटाबेस भोसरीत राहिला, तर प्रत्येक विचारणा लाइनवरून जाऊन परत येते. एक पान दाखवायला शेकडो विचारणा करणारा प्रोग्राम असेल, तर वितरक वाट बघत बसतो. अण्णा म्हणत, दिंडीतला माणूस एकटा पुढे काढायचा नाही. टाळकरी, वीणेकरी, पाण्याचा टँकर सगळे एका वेळी निघतात. आमच्याकडे एकत्र हलवायच्या यंत्रांच्या गटाला आजही 'दिंडी' म्हणतात, आणि वहीतले दोन अवलंबित्वाचे रकाने वाचल्याशिवाय दिंडी ठरत नाही.

नेटवर्कच्या बाबतीत तर मी अण्णांची जन्माची ऋणी आहे. दोन्हीकडच्या पत्त्यांचे पट्टे एकमेकांत शिरले, तर दोन जागा जोडल्या जातात पण यंत्रं एकमेकांना सापडत नाहीत. मग शेकडो ठिकाणी पत्ते बदला, फायरवॉलचे नियम बदला, कोणीतरी कधीकाळी प्रोग्राममध्ये कोरून ठेवलेले पत्ते शोधा. क्लाउडचं नावही कंपनीत कोणी काढत नव्हतं, तेव्हाच अण्णांनी पत्त्यांचा मोठा पट्टा 'पुढच्यासाठी' असं लिहून मोकळा ठेवला होता. आम्ही क्लाउड त्या पट्ट्यात वसवला आणि जोडणीत एकाही जुन्या यंत्राचा पत्ता बदलावा लागला नाही.

क्लाउडकडे जाणाऱ्या लाइनी दोन वेगळ्या पुरवठादारांकडून घेतल्या होत्या, म्हणून सगळे निश्चिंत होते. अण्णा मात्र एका दुपारी मला घेऊन पायी निघाले. कारखान्याच्या फाटकापासून थोड्या अंतरावर त्यांनी एक चेंबर उघडायला लावलं. दोन्ही पुरवठादारांच्या केबली त्याच नळीतून आत येत होत्या. एका खोदकामात दोन्ही गेल्या असत्या. त्यानंतर एक लाइन रेडिओवरून घेतली गेली. पुढे एका पावसाळ्याच्या तोंडावर रस्ता खोदताना ती नळी तुटली, तेव्हा अण्णा निवृत्त झालेले होते. क्लाउडची वाट रेडिओवरून चालू राहिली. कागदावरच्या दोन लाइनींवर मी त्या दिवसापासून कधी विश्वास ठेवलेला नाही. दोन्ही कुठून येतात ते बघायला स्वतः चालत जाते.

खर्चाकडेही त्यांनीच बघायला शिकवलं. आपल्या खोलीतली व्हीएम बंद केली काय, चालू ठेवली काय, होस्ट आधीच विकत घेतलेला असतो. क्लाउडात तसं नाही. अझ्युरवरची व्हीएम आतल्या विंडोजमधून शटडाउन केली तर तिच्यासाठी राखलेली जागा सुटत नाही आणि भाडं चालूच राहतं; ती अझ्युरच्या पोर्टलवरून सोडावी लागते. त्यानंतरही डिस्कचे पैसे लागतातच. क्लाउडातून बाहेर येणाऱ्या डेटाचेही लागतात, म्हणून बॅकअप परत आणण्याचा खर्च तो पाठवण्याआधीच काढायचा, आणि प्रत परत आणून, यंत्र उभं करून बघितल्याशिवाय तिला बॅकअप म्हणायचं नाही. स्नॅपशॉटला तर नाहीच. तो मूळ डिस्कवर टेकलेला असतो. डिस्क गेली की तोही गेला, आणि विसरला तर त्याची फाइल वाढत वाढत सगळं स्टोरेज खाऊन टाकते.

आता दोन्हीकडची यंत्रं एका पडद्यावर दाखवणारी साधनं आली आहेत. मायक्रोसॉफ्टनं 2019 मध्ये जाहीर केलेलं अझ्युर आर्क त्यातलंच. मी ती मनापासून वापरते. पॅच राहिलेले सर्व्हर एका यादीत दिसणं ही मोठी सोय आहे. कोण कोणाशी बोलतं हेही काही साधनं आता सांगतात. पण अमुक यंत्र दर महिन्याच्या एक तारखेला पगारासाठी जागं होतं, आणि त्या दिवशी त्याला हात लावायचा नाही, हे माणसाकडूनच कळतं.

नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर विकत घेतली आणि डिसेंबरात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवल्याचं जाहीर झालं. परवाना वर्गणीवर आला, मोजणी कोअरवर. अनेक कंपन्यांप्रमाणे आम्हालाही सगळा हिशोब नव्यानं मांडावा लागला: काय ठेवायचं, काय क्लाउडकडे न्यायचं, काय केव्हीएमवर आधारलेल्या व्यवस्थेत बसवायचं. बैठकीत मी ती वही उघडली. ओळीओळीत उत्तर होतं.

त्या संध्याकाळी मी फोन केला. "अण्णा, तुमची वही कामाला आली."

"वही आता तुझी आहे. शेवटच्या रकान्यात तारखा टाकतेस ना?"

"टाकते."

"मग झालं तर."

तुमच्याही सर्व्हर रूममध्ये असा एखादा माणूस असेल. तो निवृत्त व्हायच्या आधी एक वही घेऊन त्याच्याजवळ बसा, आणि एकेका यंत्राचं नाव घेऊन त्याला विचारा.