सॉफ्टवेअर सर्वांकडे, मग वेगळेपण कशात?

1984 साली डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी अहवाल दिला. त्याच सुमारास मी बँकेच्या सेवेत रुजू झालो. पुढे ज्या शाखेत प्रथम संगणक आला, तिच्याकडे ग्राहक आपणहून वळत. पासबुक यंत्रातून छापून मिळणे हेच अप्रूप होते.

ते अप्रूप फार काळ टिकले नाही. आज स्टेट बँक आणि बँक ऑफ महाराष्ट्र या दोन्ही बँका टीसीएसची ‘बॅन्क्स’ प्रणाली वापरतात. पंजाब नॅशनल बँक व बँक ऑफ बडोदा यांचा कारभार इन्फोसिसच्या ‘फिनॅकल’वर चालतो. 2016 मध्ये यूपीआय आले आणि भाजीच्या गाडीवरही तत्काळ पैसे पोहोचू लागले. सॉफ्टवेअरची स्थिती आता वाण्याच्या दुकानातील मिठासारखी झाली आहे. ते नसेल तर गिऱ्हाईक परत फिरते. परंतु केवळ ते आहे म्हणून कोणी दुकान बदलत नाही.

मग ग्राहकाने आपल्याकडेच का यावे? याचे उत्तर आमच्या उल्हासनगरच्या बाजाराला पूर्वीपासून ठाऊक आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी कल्याणजवळच्या लष्करी छावणीत हे शहर उभे केले. 1949 मध्ये त्याचे नामकरण झाले. येथील कापडबाजारात एकाच गिरणीचा माल शेजारशेजारच्या दुकानांत मांडलेला असतो. तरीही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या एकाच पेढीवर जातात. ‘हा रंग धुण्यात जाईल, दुसरा घ्या,’ असे सांगून हातची विक्री सोडणारा दुकानदार त्यांना तेथे भेटलेला असतो.

बँकेतही मी हेच अनुभवले. एक विधवा भगिनी पतीच्या मुदत ठेवीची पावती घेऊन आल्या. ठेवीवर नामनिर्देशन नव्हते. ही माहिती कोणत्याही कर्मचाऱ्यास पडद्यावर क्षणात दिसली असती, आणि ‘वारसाची कागदपत्रे आणा’ एवढे सांगून त्यांना परत पाठवता आले असते. आमच्या तरुण लिपिकाने त्यांना खुर्ची दिली, लागणाऱ्या कागदांची यादी मराठीत लिहून दिली, मुलांच्या संमतिपत्रांचा नमुना समजावला आणि रक्कम जमा झाल्यावर स्वतः दूरध्वनी केला. प्रणाली सर्व बँकांत होती तशीच होती. त्या बाईंनी मात्र पुढे आपल्या दोन्ही मुलांची खाती आमच्याच शाखेत उघडली.

दहा वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यातील अथवा दावा न केलेल्या ठेवीची रक्कम रिझर्व्ह बँकेने 2014 मध्ये स्थापन केलेल्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे वर्ग होते. ती बुडत नाही. खातेदार किंवा वारस आपल्या बँकेमार्फत ती परत मागू शकतात. अशा ठेवींचा शोध घेण्यासाठी 2023 पासून ‘उद्गम’ हे संकेतस्थळही आहे. दहा वर्षे मोजण्याचे काम संगणक अचूक करतो. त्या काळात खातेदाराच्या घरी चौकशी करणे हे माणसाचे काम आहे, आणि ग्राहकाला खरे मूल्य तेथेच मिळते.

वाचक बंधू-भगिनींनो, घरातील सर्व ठेवींवर नामनिर्देशन आहे का, हे या आठवड्यातच पाहून घ्यावे. आपल्यापैकी अनेकांची मुले आता पेढीवर बसतात आणि बिलांसाठी नवे सॉफ्टवेअर घेतात. शेजारच्या दुकानातही तेच सॉफ्टवेअर असणार, हे त्यांनी गृहीत धरावे. सहा महिन्यांत कोणता जुना ग्राहक आला नाही, याची यादी ते यंत्र सहज काढून देईल. ती यादी हाती घेऊन प्रत्येकाची विचारपूस करावी, आणि त्या दिवशी विक्रीचा विषय काढू नये.