भास आणि वेदना

४ जुलै
वहीत एकाच रेघेवर चार बोटांच्या अंतराने डावीकडे फुली, उजवीकडे ठिपका काढला. डावा डोळा मिटून उजव्याने फुलीकडे पाहत वही जवळ आणत गेलो. एका जागी ठिपका गडप झाला. दृष्टीची नस डोळ्यातून जिथून बाहेर पडते, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात. पण मला भोक दिसलं नाही, वहीची निळी रेघ अखंड दिसली. ती मेंदूने भरून काढली. पाहण्यात रचणंही आलंच.

७ जुलै
तत्त्वज्ञ निक बॉस्ट्रम यांचा २००३ चा निबंध. ते तीन शक्यता मांडतात. आपल्यासारख्या संस्कृती संगणकावर हुबेहूब जग उभं करण्याइतकी ताकद मिळण्याआधीच नष्ट होतात. किंवा ताकद मिळूनही आपल्या पूर्वजांच्या जगाची अशी सिम्युलेशन्स चालवत नाहीत. किंवा आपण जवळजवळ नक्कीच सिम्युलेशनमध्ये आहोत. यांतली एक तरी खरी, एवढाच त्यांचा दावा. चर्चा मात्र तिसरीचीच होते.

११ जुलै
अद्वैत वेदान्त सत्तेच्या, म्हणजे खरेपणाच्या, पायऱ्या मानतो. दोरीवर दिसलेला साप प्रातिभासिक, उजेड आला की संपला. दोरी व्यावहारिक, ब्रह्मज्ञान होईपर्यंत टिकणारी. पारमार्थिक फक्त ब्रह्म. ज्ञानेश्वर ‘अमृतानुभवा’त आणखी पुढे जातात. ते अज्ञानाचंच खंडन करतात आणि जगाला चैतन्याचा विलास मानतात. मग दिसणारं जग टाकाऊ उरत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

१५ जुलै
मेंदूतज्ज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांचा १९९० च्या दशकातला आरशाचा प्रयोग. हात कापलेल्या काही रुग्णांना नसलेल्या हाताची मूठ आवळल्याच्या कळा येत. धड हाताचं प्रतिबिंब आरशात उघडताना पाहिलं, की काहींची ती मूठ सुटे, कळ ओसरे. हात नाही, आरशातला हातही त्यांचा तो हात नाही. पण कळ होती, आणि आराम पडला तोही खराच.

१८ जुलै
तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स २०२२ च्या ‘रिअॅलिटी प्लस’मध्ये म्हणतात, आपण सिम्युलेशनमध्ये असलो तरी भोवतालच्या वस्तू खऱ्याच, फक्त त्या घडल्या आहेत वेगळ्या द्रव्याच्या. मला हे पटतं, कारण वेदना ज्याला होते त्याच्यापुरती तिथे शंकेला जागाच नसते. जग अणूंचं असो, गणिताचं असो वा चैतन्याचं, भुकेल्याची भूक तेवढीच राहते. त्यामुळे कुठलंही तत्त्वज्ञान दुसऱ्याच्या दुःखाला भास म्हणण्याचा हक्क आपल्याला देत नाही.