कृष्णगिरीची अक्षयनीवी

मुंबईस पाहुणे म्हणून जाणाऱ्या आपल्या मंडळींची प्रेक्षणीय स्थळे बहुधा ठरलेली असतात. महालक्ष्मी, चौपाटी, राणीची बाग आणि गेटवे एवढे पाहून झाले की चार दिवस सरतात, व 'केवढी ती गर्दी!' हा एकच उद्गार बरोबर घेऊन मंडळी परत येतात. याच शहराच्या कुशीत सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे खरेखुरे अरण्य आहे, त्यात बिबटे वावरतात, दोन मोठे तलाव आहेत, आणि त्याच्या गाभ्यात दोन हजार वर्षांपूर्वीपासून कोरीत आणलेली शंभराहून अधिक लेणी आहेत, हे पुष्कळांच्या कानावरून गेलेले असते. पाहिलेले मात्र फार थोड्यांनी असते. त्या स्थळाचा परिचय करून द्यावा, आणि ते आजवर राहिले कसे याचाही थोडा विचार करावा, अशा हेतूने हा लेख लिहीत आहे.

या अरण्याचे आजचे सरकारी नाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. त्याआधी ते बोरिवलीचे, व त्याही आधी कृष्णगिरीचे उद्यान म्हणून ओळखले जाई. यांत कृष्णगिरी हे नाव खरे जुने. लेण्यांतील संस्कृत लेखांत ते स्पष्ट आढळते. प्राकृतात कृष्णाचा 'कण्ह' झाला आणि लोकांच्या जिभेवर घासत घासत 'कान्हेरी' उरली. येथील पाषाण काळाच आहे, तेव्हा नाव अन्वर्थक म्हणावयास हरकत नाही. 'उद्यान' या शब्दाविषयीही दोन शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही. शिक्षकाची खोड, वाचकांनी सोसून घ्यावी. अमरकोशात मनुष्याने लावलेल्या वनास 'उपवन' म्हटले आहे, राजस्त्रियांच्या वनास 'प्रमदवन' म्हटले आहे, आणि 'उद्यान' म्हणजे राजाचे असूनही सर्वांस साधारण असलेले वन, असा अर्थ दिला आहे. सन १८७२ मध्ये अमेरिकेने यलोस्टोन हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापिले, आणि आपल्याकडील भाषांतरकारांनी त्या कल्पनेसाठी नेमका हाच शब्द योजिला. धनी राजसत्ता, उपभोग सर्वांचा, हा सारा अर्थ त्या एका शब्दात पूर्वीच बसलेला होता.

गेल्या मार्गशीर्षात थोरले चिरंजीव, सूनबाई व दोन नातवंडे यांच्यासह तेथे जाण्याचा योग आला. बोरिवली स्थानकाच्या पूर्वेस उतरून थोडके चालले की उद्यानाचे महाद्वार लागते. तेथून लेण्यांपर्यंत पाच-सहा किलोमीटर रस्ता आहे व त्यावर बस चालते. पहिल्या फर्लांगभर बागेचा थाट आहे, बाके आहेत, मुलांचा कलकलाट आहे. मग एका वळणानंतर हे सारे मागे पडते. साग, ऐन, हेद, कळंब यांची दाटी सुरू होते. मधूनच कांडोळाचे पांढरेफटक खोड अंधारात कोणी उभे असावे तसे दिसते. उतारांवर कारवी माजलेली. ही कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, आणि फुलून बी धरले की मरते, असे मी सांगताच धाकट्या नातवाने विचारले, "आजोबा, मग मधली सात वर्षे ती काय करते?" मी म्हणालो, "साठविते." उत्तर त्याला पटले की नाही, न कळे. तेवढ्यात रस्त्याकडेला चितळांचा कळप दिसला आणि कारवी मागे राहिली.

लेण्यांचे वर्णन करावयाचे तर स्वतंत्र लेखच हवा. चैत्यगृहाच्या ओसरीतील दोन बुद्धमूर्ती वीस फुटांहून उंच आहेत; त्यांच्यापुढे आमची मोठी नात बराच वेळ न बोलता उभी राहिली, ही गोष्ट घरी कोणास खरी वाटली नाही. परंतु मला स्वतःला मूर्तींहून अधिक थक्क केले ते पाण्याच्या व्यवस्थेने. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या बाजूस खडकात खोदलेले टाके आहे. वरच्या कातळावर बोटभर रुंदीच्या पन्हळी कोरून पावसाचे पाणी त्या टाक्यात आणून सोडले आहे. डोंगर कोरडा, नदी दूर, आणि वस्तीस शेकडो भिक्षू. अशा स्थितीत चार महिन्यांच्या पावसावर बारा महिने काढावयाचे होते. म्हणून कल्याण व सोपारा येथील व्यापाऱ्यांनी येथे जी दाने दिली, त्यांत लेण्यांच्या बरोबरीने 'पाणियपोढी' म्हणजे पाण्याच्या टाक्या आहेत. नाव कोरून ठेवावे इतके टाके खोदविणे पुण्याचे मानले जाई.

याच लेखांत एक शब्द वारंवार येतो: अक्षयनीवी. नीवी म्हणजे मूलधन. दात्याने काही रक्कम किंवा शेत संघास द्यावयाचे. त्याच्या व्याजातून किंवा उत्पन्नातून भिक्षूंस वस्त्रे मिळावयाची, लेण्यांची डागडुजी व्हावयाची. मात्र मुद्दलास कोणी कधीही हात लावावयाचा नाही. शके ७७५ (इ. स. ८५३-५४) मधील एका लेखात गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून, आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने शंभर द्रम्मांची अशी अक्षयनीवी येथे ठेविल्याची नोंद आहे. कोठे बंगाल, कोठे हे रान! त्याचे द्रम्म केव्हाच नाहीसे झाले. संघही उठून गेला. पण त्या डोंगरावर बसून खालच्या हिरव्या दरीकडे पाहताना असे मनात आले की, मुद्दल न मोडता व्याजावर जगण्याची ती रीत या भूमीने दुसऱ्या एका मार्गाने पुढे चालविली.

तो मार्ग असा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईस पाण्याचे दुर्भिक्ष पडू लागले. तेव्हा सरकारने मिठी नदीच्या उगमाकडे बांध घालून विहार तलाव केला. १८५६ साली काम सुरू झाले, १८६० साली पुरे झाले, आणि शहरास नळाचे पाणी प्रथम मिळाले ते येथून. १८७९ साली तुळशी तलाव झाला. तलावाचे पाणी निर्मळ राहावयाचे तर भोवतीच्या डोंगरांवर वस्ती, गुरेढोरे, कुऱ्हाड काही नको, म्हणून तो प्रदेश राखला गेला. वनावरील प्रेमाने नव्हे, तर तहानेच्या भीतीने हे रान वाचले, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. स्वातंत्र्याच्या सुमारास उद्यान म्हणून राखलेला भाग अवघा २० चौरस किलोमीटरांचा होता. १९५० साली मुंबई राज्याने राष्ट्रीय उद्यानांचा कायदा केला आणि पुढे शेजारची राखीव वने जोडीत जोडीत आजचा विस्तार झाला. मुंबईस पाणी पुरविणाऱ्या सात तलावांपैकी शहराच्या हद्दीत आहेत ते हे दोनच.

व्याज केवळ पिण्याच्या पाण्याचे नाही. दहिसर व पोयसर या नद्या याच डोंगरांत उगम पावतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीच्या काठची वस्ती बुडाली, हे सर्वांच्या स्मरणात आहे. पावसाचा तडाखा आधी झाडांनी, मग पालापाचोळ्याने, मग मातीने सोसावयाचा आणि उरलेले पाणी सावकाश खाली सोडावयाचे, हे काम वन करीत असते. ज्या उतारावर वन नाही तेथून तेच पाणी घटकेत खाली येते.

परंतु मुद्दलावर नजर कोणाची नाही? विसाव्या शतकाच्या शेवटी या वनाच्या कडा झोपड्यांनी व्यापल्या. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेच्या अर्जावर उच्च न्यायालयाने १९९७ साली अतिक्रमणे हटविण्याचा हुकूम दिला. हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. १९९५ च्या मतदारयादीत ज्यांची नावे होती त्यांस पर्यायी जागा द्यावयाची होती, व पुष्कळ वर्षांनी चांदिवली येथे अनेकांस घरे मिळाली. वन वाचले याचा आनंद मला आहे. पण तो निर्भेळ नाही. मधली वर्षे त्या कुटुंबांनी कशी काढिली असतील? शिवाय आतल्या पाड्यांवरील वारली लोक तर उद्यानाहून जुने. लेण्यांपाशी काकड्या विकणारी एक वृद्ध वारली बाई सूनबाईंस म्हणाली, "वाघोबाला आम्ही नारळ देतो, तो आम्हाला वाट देतो." २००३-०४ च्या सुमारास बिबट्यांच्या हल्ल्यांत पुष्कळ माणसे दगावली, तेव्हा इतरत्र पकडलेले बिबटे येथे आणून सोडणे हे एक मोठे कारण म्हणून पुढे आले. पुढे तो प्रघात सुटला, लोकांस सावधगिरी शिकविण्यात आली, आणि हल्ले उतरले. २०१८ च्या गणनेत येथे व भोवताली ४७ बिबटे आढळले. म्हणजे बाईंचे म्हणणे अगदीच भाबडे नव्हते.

आता नवा प्रश्न बोगद्यांचा आहे. ठाणे-बोरिवली आणि गोरेगाव-मुलुंड या दोन मार्गांसाठी डोंगराच्या पोटातून जोडबोगदे काढावयाच्या कामांचा आरंभ जुलै २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाला. वरून रस्ता नेण्यापेक्षा हे बरे, असे मला वाटते. तथापि बोगद्यांच्या मुखांशी झाडे जातातच, आणि खडकातील पाण्याच्या वाटा मोडतील काय, ही शंका राहतेच. एकत्र कुटुंबातील वाचकांस मिताक्षरेचा नियम ठाऊक असेल. वडिलार्जित मिळकतीत मुलानातवांचा जन्मतःच हक्क असतो (२००५ पासून कन्यांचाही), व कर्त्याने ती विकावयाची ती केवळ आपत्काली, कुटुंबाच्या गरजेसाठी किंवा धर्मकार्यासाठी. अर्धा तास वाचविणे यांपैकी कशात मोडते, हे कर्त्यांनी सांगावे. मला स्वतःला बोगद्याहून अधिक भय वाटते ते सुशोभनाचे. बाके, दिवे, रंगीत फरशी आणि प्लास्टिकचे प्राणी अशा वाटेने उद्यानाचे पुनः उपवन होते आणि कोणास पत्ताही लागत नाही.

कान्हेरीस इ. स. १००९ व १०२१ मध्ये आलेल्या पारशी प्रवाशांनी आपली नावे पहलवी लिपीत कोरून ठेविली आहेत. आता ती इतिहासाची साधने झाली आहेत. परंतु तरुण मंडळींनी त्यांचे अनुकरण करू नये. जाणाऱ्यांनी कार्तिक ते माघ या काळात सकाळी लौकर जावे, पाणी बरोबर घ्यावे, डबा माकडांच्या दृष्टीस पडू देऊ नये. वृद्धांनी काठी घ्यावी, कारण लेण्यांच्या पायऱ्या उंच व झिजलेल्या आहेत. सोमवारी उद्यान व लेणी बंद असतात.